लेक एम.डी.ला निघाली: ड्युटीचे तास कसे जोखायचे?



आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओचा आवाज कमी करतील. म्हणतील, ‘हे डॉक्टर लोकांचं बोलणं, आपलं काय काम?’ पण थोडं थांबा. भामरागड, एटापल्ली, जिवती अशा तालुक्यांतून अडलेली बाई रुग्णवाहिकेतून आधी गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला आणतात. तिथे जमलं नाही तर नागपूरच्या मेडिकलला पाठवतात. अशा मोठ्या दवाखान्याच्या दारात ती रात्री दोन वाजता पोचते तेव्हा तिला पहिला हात कोण लावतं? मोठे सर तेव्हा घरी असतात. तिथे उभी असते पुढचं शिक्षण घेणारी पंचवीस-सत्तावीस वर्षांची एखादी डॉक्टर मुलगी किंवा मुलगा. त्यांना निवासी डॉक्टर म्हणतात. ती मुलगी त्या वेळी ड्युटीच्या कितव्या तासाला उभी आहे, यावर आपल्या बाईचं बरंच काही अवलंबून असतं.

आणि आता ती मुलगी आपल्या घरातलीही असू लागली आहे. चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झालं. गडचिरोलीचं २०२४ साली सुरू झालं, १०० जागांचं. आपल्या भागातल्या मुली एम.बी.बी.एस. होत आहेत, होतील. त्यातल्या कितीतरी जणी घरातल्या पहिल्याच डॉक्टर. पुढे एम.डी. किंवा एम.एस.साठी कोणत्या कॉलेजची, कोणत्या शाखेची जागा घ्यायची, हे सांगणारं घरात कुणी नसतं. म्हणून हे बोलणं.

आधी ही वाट कशी असते ते सांगतो. एम.बी.बी.एस. आणि इंटर्नशिप झाली की नीट-पीजी ही परीक्षा द्यायची. गुण आले की कॉलेज आणि शाखा यांची पसंतीची यादी भरायची. शासकीय कॉलेजांतल्या निम्म्या जागा देशभराच्या फेरीतून भरतात, उरलेल्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेरीतून. एम्ससाठी परीक्षा वेगळी असते. डीएनबी नावाचा मार्गही आहे, त्याच्या जागा मोठ्या खासगी आणि काही जिल्हा रुग्णालयांतही असतात. शिक्षण तीन वर्षांचं. जागा घेतली आणि मग सोडली, तर बऱ्याच ठिकाणी मोठा दंड भरावा लागतो, पुढच्या परीक्षेला बसण्यावरही बंधन येऊ शकतं. म्हणजे यादीत जो क्रम लावला, त्याच्यासोबत तीन वर्षं काढायची.

हा क्रम लावताना घरचे काय पाहतात? कॉलेजचं नाव, शाखा, फी, विद्यावेतन, गाव किती दूर. हे सगळं पाहायलाच पाहिजे. पण ड्युटी किती तासांची, हे फार कमी जण विचारतात. विचारलं तरी नीट उत्तर मिळत नाही.

आमच्यातल्या एकीची भाची अशीच निघाली होती. तिनं तिथल्या सीनियरला फोनवर विचारलं, ‘ड्युटी कशी असते?’ उत्तर आलं, ‘सगळीकडे सारखीच असते, जमून जाते.’ पहिल्याच महिन्यात एकदा ती सकाळी आठला वॉर्डात गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला बाहेर पडली. ३४ तास. खोलीवर येऊन तिनं आईला फोन लावला आणि बोलता बोलता झोपून गेली. आईला वाटलं, रेंज गेली. भाचीनं ते शिक्षण पूर्ण केलं, आज चांगली डॉक्टर आहे. पण ती म्हणते, ‘आत्या, मी प्रश्नच चुकीचा विचारला होता.’ बरोबर प्रश्न कोणता, ते आज आपण पाहू.

कायद्यात याविषयी काय आहे? केंद्र सरकारनं ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसाठी एक पत्र काढलं होतं. त्यात म्हटलं आहे की सलग काम साधारणपणे १२ तासांहून जास्त नसावं, कनिष्ठ निवासी डॉक्टरांचे आठवड्याचे तास साधारण ४८ असावेत आणि आळीपाळीनं आठवडी सुट्टी मिळावी. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची २०२३ ची पदव्युत्तर नियमावली आली. त्यात वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आहे. कामाची निकड पाहून आठवड्याची एक सुट्टी आहे. तासांविषयी मात्र एवढंच आहे की काम ‘वाजवी’ तास असावं आणि दिवसात विश्रांतीला ‘वाजवी’ वेळ मिळावा. आता वाजवी म्हणजे किती? आकडा नाही. पुढे २०२४ मध्ये आयोगानेच नेमलेल्या एका कृतिगटानं शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको, एक दिवस सुट्टी हवी आणि रोज सात-आठ तास झोप हवी. पण ही शिफारस आहे.

याच कृतिगटानं देशभर ऑनलाइन पाहणी केली. त्यात ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी होते. त्यांतल्या ४५ टक्क्यांनी सांगितलं की आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम होतं. निम्म्याहून जास्त जणांना आठवडी सुट्टी नियमित मिळत नव्हती. म्हणजे कागद एक बोलतो आणि वॉर्ड दुसरं. म्हणून कागदावर विसंबायचं नाही. आपले तास आपणच मोजायचे.

कसे मोजायचे? वही-पेन घ्या, साधी बेरीज आहे.

समजा एका विभागात रोज सकाळी ८ ते संध्याकाळी ६ काम आहे. दिवसाचे १० तास, सोमवार ते शनिवार ६० तास. रविवारी सकाळचा राउंड ३ तास. झाले ६३. आता आठवड्यात दोन रात्री इमर्जन्सी. संध्याकाळी ६ ते सकाळी ८, एका रात्रीचे १४ तास, दोन रात्रींचे २८. एकूण ९१.

दुसऱ्या विभागात सगळं तेच आहे. फरक एकच: रात्र जागलेल्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला सोडतात. एका वेळचे ६ तास वाचले, दोनदा मिळून १२. बेरीज ७९ वर आली. सलग उभं राहणं ३४ तासांवरून २८ वर आलं.

तिसऱ्या विभागात रात्री तीन, आणि दुपारची सुट्टी नाही. ६३ आणि ४२, झाले १०५. आठवड्यात एकूण तासच असतात १६८. उरलेल्या ६३ तासांत झोप, आंघोळ, जेवण, कपडे आणि परीक्षेचा अभ्यास.

तिन्ही विभागांतले लोक फोनवर एकच सांगतील, ‘सकाळी आठ ते सहा, अधूनमधून इमर्जन्सी.’ पण ७९ आणि १०५ मध्ये २६ तासांचा फरक आहे. हा फरक दोन गोष्टींतून आला: आठवड्यात रात्री किती, आणि रात्रीनंतरची दुपार मोकळी आहे की नाही. म्हणून ‘ड्युटी कशी असते?’ हा प्रश्न सोडा. असं विचारा: ‘मॅडम, मागच्या आठवड्यात तुम्ही किती रात्री ड्युटी केली? शेवटच्या इमर्जन्सीनंतर दुसऱ्या दिवशी खोलीवर किती वाजता पोचल्या?’ मागच्या आठवड्याचं माणसाला आठवतं. ‘साधारण कसं असतं’ यावर माणूस एकतर कुरकुरतो, नाहीतर बढाई मारतो.

पुढचा प्रश्न हातांचा. काम तेवढंच राहतं, वाटून घेणारे कमी झाले की प्रत्येकीचा वाटा वाढतो. समजा विभागाला दर रात्री दोन कनिष्ठ डॉक्टर लागतात. आठवड्याच्या १४ रात्रपाळ्या झाल्या. सहा जण असतील तर प्रत्येकीला दोन-सव्वादोन रात्री येतात. त्यातल्या दोघांनी जागा सोडली, तर उरलेल्या चौघांना साडेतीन येतात. म्हणून मंजूर जागा किती हे पाहून थांबू नका. ‘मागच्या वर्षी किती जण आले, आणि आज त्यातले किती आहेत?’ हे विचारा. एखाद्या विभागातून दरवर्षी कुणी ना कुणी सोडून जात असेल, तर ते फोनवरच्या गोड बोलण्यापेक्षा जास्त सांगतं.

हातांच्या हिशेबात एक भर घाला. तीन वर्षांतले तीन महिने प्रत्येकाला जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, त्याला जिल्हा निवासी कार्यक्रम म्हणतात. नियम चांगला आहे. आपल्यासारख्या जिल्ह्यांना त्यातून हात मिळतात आणि शहरातल्या डॉक्टरला मलेरिया, सिकलसेल, पर्लकोटेच्या पुरात अडकलेलं बाळंतपण हे सगळं जवळून कळतं. पण एक जण जिल्ह्याला गेला की मागे राहिलेल्यांच्या रात्री वाढतात. त्या काळात विभाग काय सोय करतो, हेही विचारून घ्यावं.

तिसरा प्रश्न, त्या तासांत काम कोणतं? रुग्ण तपासणं, बाळंतपण करणं, ऑपरेशनला उभं राहणं, हे शिक्षण आहे. रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबला धावणं, ट्रॉली ढकलणं, रिपोर्ट शोधत चार मजले चढणं, हे शिक्षण नाही. वॉर्डात परिचर आणि परिचारिका पुरेशा नसल्या की हे सगळं पहिल्या वर्षाच्या डॉक्टरवर येतं. ‘रक्ताचे नमुने लॅबला कोण नेतं?’ हा प्रश्न लहान वाटतो, पण त्याच्या उत्तरातून अख्खा विभाग कळतो. सोबत लॉगबुकचंही विचारावं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी स्वतःच्या हातानं किती सिझेरियन झाले, किती रुग्णांना भूल दिली, ते सीनियर सांगू शकतात. एखाद्या ठिकाणी ८५ तास काम असेल, पण हात तयार होत असेल. दुसरीकडे ८५ तासांत नुसती हमाली असेल. आकडा एकच, पण जागा वेगळ्या.

शाखेचाही फरक आहे. शस्त्रक्रिया, अस्थिरोग, मेडिसीन, स्त्रीरोग, बालरोग, भूलशास्त्र इथे रात्री जास्त येतात. त्वचारोग, पॅथॉलॉजी, जनऔषधवैद्यक इथे सहसा कमी. म्हणून लेकीला आवडती शाखा सोडायला लावू नका. आपल्या जिल्ह्यांना स्त्रीरोग आणि भूलतज्ज्ञ यांचीच तर गरज आहे. एकाच शाखेच्या दोन कॉलेजांची तुलना करा, म्हणजे हिशेब खरा होतो.

इथे कुणी म्हणेल, ‘आमच्या वेळी आम्ही अठ्ठेचाळीस तास जागलो, त्यातूनच शिकलो.’ या म्हणण्याला उत्तर देण्याआधी जगात काय घडलं ते पाहू. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी वारली. तिच्यावर थकलेले, फारशी देखरेख नसलेले शिकाऊ डॉक्टर उपचार करत होते. तिच्या वडिलांनी लढा दिला आणि १९८९ साली न्यूयॉर्क राज्यानं आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ पासून ती साऱ्या अमेरिकेत आली. युरोपात ही मर्यादा सरासरी ४८ तासांची आहे.

२००४ साली बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात पाहणी झाली. जुन्या लांबलचक पाळ्यांत शिकाऊ डॉक्टरांकडून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. दुसऱ्या वर्षी आलेल्या अभ्यासात दिसलं की लांब पाळी करून गाडी चालवत घरी जाताना अपघाताची शक्यता दुपटीहून वाढते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेनं २०११ साली पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांना सलग १६ तासांची मर्यादा घातली, आणि २०१७ साली ती काढून पुन्हा २४ तासांपर्यंत वाढवली. कारण शस्त्रक्रिया विभागांच्या एका मोठ्या चाचणीत लवचीक पाळ्या असूनही रुग्णांचे मृत्यू आणि गुंतागुंत वाढलेली दिसली नव्हती. पाळी फार तुकड्यांत वाटली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि सांगायचं काहीतरी राहून जातं. पण लक्षात ठेवा, त्या चाचणीत दोन्हीकडे आठवड्याची ८० तासांची मर्यादा होतीच. १०५ तास चालतात, असं त्यातून निघत नाही.

यातून आपला चौथा प्रश्न मिळतो. ‘रात्री दोन वाजता अवघड रुग्ण आला तर सीनियर किती वेळात येतात? सकाळी पाळी बदलताना रुग्णांची माहिती कशी देतात, लेखी की तोंडी?’ हाक मारल्यावर येणारा सीनियर असेल तर थकलेली मुलगी सावरते. फोनच उचलत नसेल, तर ताज्या मुलीचीही चूक होते. तास आणि सोबत, दोन्ही मिळून पाहायचं.

पाचवी गोष्ट खास मुलींची. ड्युटीच्या रात्री दोन तास पाठ टेकायला जागा कुठे आहे? मुलींसाठी वेगळी खोली आहे का? आतून कडी लागते का? संडासात पाणी असतं का? कॅज्युअल्टीपासून होस्टेलपर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात रात्रपाळीच्या एका डॉक्टर मुलीवर रुग्णालयाच्याच सेमिनार हॉलमध्ये अत्याचार होऊन तिचा खून झाला. सगळ्या देशाला हळहळ वाटली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं. मोठं काम होईल तेव्हा होईल, कडी आहे की नाही ते आपण आज विचारू शकतो. शक्य असेल तर यादी भरण्याआधी लेकीसोबत एकदा जाऊन या. चंद्रपूर ते नागपूर दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून थोडं जास्त. दिवसा ओपीडी बघा आणि संध्याकाळी सातनंतर कॅज्युअल्टीच्या बाकावर तासभर बसा. माहितीपत्रकात नसलेलं पुष्कळ दिसतं.

सहावी गोष्ट बोलायला जड आहे. ड्युटीची यादी कोण लावतं आणि जास्तीच्या रात्री कुणाच्या वाट्याला येतात? तास वाटण्यात माणूस पाहून भेदभाव होऊ शकतो. आदिवासी, दलित घरातून आलेल्या मुलीला ‘तू कोट्यातून आलीस’ असं ऐकवत वर जास्तीचं काम लादलं, तर तो छळ आहे, शिक्षण नाही. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातली डॉ. पायल तडवी मुंबईत स्त्रीरोग शाखेत शिकत होती. मे २०१९ मध्ये तिनं जीव दिला. सीनियरांनी जातीवरून छळल्याचं तिच्या घरच्यांनी सांगितलं, प्रकरण न्यायालयात गेलं. तिची आई त्यानंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, इतर लेकरांसाठी. म्हणून ज्या कॉलेजला लेक जाणार, तिथे आपल्या भागातली, आपल्या समाजातली कुणी सीनियर आहे का, ते शोधा आणि तिच्याशी एकटीशी बोला. ड्युटीची यादी भिंतीवर लागते की तोंडी सांगतात, हेही विचारा. भिंतीवर लागलेली यादी सगळ्यांना दिसते, तिथे मनमानीला जागा कमी राहते. मार्ड, म्हणजे निवासी डॉक्टरांची संघटना, तिथे जागी आहे का, तेही विचारा.

हे सगळं कुणाला विचारायचं? विभागप्रमुखांना नाही, ते चांगलंच सांगतील. नुकतंच पहिलं वर्ष पार केलेल्या दोघा-तिघांना विचारा, एकीवर थांबू नका. एक जण रागात सांगेल, दुसरी भीतीपोटी झाकेल, तिसऱ्याच्या बोलण्यातून मध्य सापडेल. नाव कुणाला सांगणार नाही, हा शब्द आधी द्या आणि पाळा. वॉर्डातल्या सिस्टरला विचारता आलं तर फार चांगलं. कोणता डॉक्टर किती वेळ जागा असतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

एवढं करून जी जागा मिळेल ती मनासारखी असेलच असं नाही. गुणांप्रमाणे जागा मिळते आणि आपल्या मुलींपुढे पर्याय थोडे असतात. पण आधी माहीत असलं तर तयारी होते. पहिले सहा महिने जड जाणार हे घराला कळलेलं असतं. तेव्हा घरानं काय करायचं? ‘सणाला का आली नाहीस’ म्हणून रुसायचं नाही. पहिल्या वर्षात लग्नाची बोलणी काढायची नाहीत. इमर्जन्सी करून दुचाकीनं घरी निघाली तर ‘आधी झोप, मग बसनं ये’ असं सांगायचं. आणि ती रडत फोन करेल तेव्हा ‘सहन कर, सगळेच करतात’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. आधी विचारायचं, ‘जेवलीस का? झोपलीस कधी?’ थकवा दोन दिवस झोपून जातो. झोपूनही जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते आजारपण आहे, त्याला उपचार आहे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२ वर तक्रार करता येते.

आमच्या एका मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, ‘बाई, आम्ही धानाच्या रोवणीला जातो तेव्हाही आधी विचारतो, किती बांध्या, किती बाया, सुट्टी कधी. डॉक्टरकीला का नाही विचारायचं?’ आम्हालाही तेच म्हणायचं आहे. कामाचे तास विचारण्यात आळस नाही, उद्धटपणाही नाही. रात्री दोनला दारात पोचलेल्या बाईला शुद्धीवर असलेली डॉक्टर मिळावी, यासाठी ते विचारायचं.

ओळखीत कुणाची लेक यंदा यादी भरणार असेल, तर हे तिला आवर्जून ऐकवा. तुमचे प्रश्न आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर नमस्कार.